लहान मुलांची इमर्जन्सी ट्रॉली कायम तयार कशी ठेवायची?

विट्याजवळच्या एका ३० खाटांच्या हॉस्पिटलमधल्या इन्चार्ज सिस्टरांनी विचारलं आहे: एनएबीएचच्या (हॉस्पिटलांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या) तपासणीआधी पेडियाट्रिक ट्रॉली उघडली तर अकरा वस्तूंची एक्सपायरी उलटलेली निघाली, लॅरिंगोस्कोप (घशात बघायचं दिव्याचं उपकरण) पेटला नाही. मॅनेजमेंट म्हणतं, वर्षात चार वेळा लागणाऱ्या वस्तू घ्यायच्या आणि फेकायच्या किती दिवस? तर यादी कोणती ठेवावी, कितीदा तपासावं आणि खर्च कसा आवरावा?

सिस्टर, अकराच निघाल्या ना? मग तुमची ट्रॉली बऱ्यापैकी सांभाळलेली म्हणायची. मी मिरज-सांगलीत लहान मुलांच्या वॉर्डात आणि आयसीयूत मिळून २६ वर्षं काढली. निवृत्त झाल्यापासून तासगाव, पलूस, जतकडच्या छोट्या हॉस्पिटलांत जाऊन ट्रॉल्या लावून देते. पहिल्यांदा उघडल्यावर काहीच सापडलं नाही अशी ट्रॉली मला अजून भेटायची आहे.

यादीचं नंतर बोलू, ती कुठेही मिळते. आधी एका रात्रीचं सांगते. फेब्रुवारी होता, कारखान्याचा सीझन. गाडीतळावरून ऊसतोड्यांची एक पोरगी आणली, फिट थांबत नव्हती. वय विचारलं तर आई म्हणाली, "आडीच-तीन वर्साची आसंल." ड्यूटीवरच्या नव्या डॉक्टरांनी सूत्र लावलं, वय अधिक चार, गुणिले दोन. अडीच वर्षांना १३ किलो. त्या हिशोबाने मिडाझोलॅम, म्हणजे फिट थांबवायचं औषध, भरायला घेतलं. मी म्हटलं, सर, दोन मिनिटं. आईला पोरीसकट काट्यावर उभं केलं, मग एकटीला. पोरगी भरली ९ किलो २०० ग्रॅम. १३ किलोचा डोस तिला दीडपटीच्या आसपास झाला असता.

बरोबर डोस गेला, फिट थांबली, पण श्वास उथळ पडायला लागला. हे होतं, त्यात नवल नाही. ऑक्सिजनचा बी टाइप सिलिंडर शेजारीच उभा होता. भरलेला, फ्लोमीटर लावलेला. तो उघडायचा पाना नव्हता. पाना वॉर्डबॉय मामांच्या खिशात, आणि मामा जेवायला गेलेले. अँब्यू बॅग, म्हणजे हाताने पिळून श्वास द्यायची पिशवी, ऑक्सिजन नसला तरी साध्या हवेवर चालते, म्हणून ते येईपर्यंत मी तशीच बॅग मारत बसले. पोरगी तिसऱ्या दिवशी आईच्या कडेवर बसून परत गेली.

आता गंमत बघा. त्या रात्री तुमच्या त्या यादीतली एकही वस्तू ट्रॉलीत कमी नव्हती. आदल्या दिवशीच्या रजिस्टरवर "ऑक्सिजन" समोर बरोबरची खूणही होती, आणि ती खोटी नव्हती. म्हणून मी कुठेही गेले की पहिल्यांदा पाना सिलिंडरला साखळीने बांधते आणि वजनकाटा कॅज्युअल्टीच्या दारात आणून ठेवते. मग ट्रॉली उघडते.

ट्रॉलीत वस्तू लावायची आपली पद्धत अशी: एका कप्प्यात श्वासनळीत घालायच्या सगळ्या ट्यूब, दुसऱ्यात सगळे मास्क, तिसऱ्यात कॅथेटर. दुकान मांडल्यासारखं. मोठ्या माणसांना ते चालतं, कारण साइझ दोन-तीनच. लहान मुलांत अडीच नंबरच्या ट्यूबपासून साडेसहापर्यंत अर्ध्या-अर्ध्याने चढत जायचं, आणि रात्री अडीच वाजता थरथरत्या हाताने त्यातून चार नंबर शोधायचा. त्यापेक्षा वजनाप्रमाणे पिशव्या करा. ५ किलोपर्यंत, ५ ते १०, १० ते २०, आणि २० च्या पुढे. चार पिशव्या, चार रंग, वर मोठ्या आकड्यात किलो. पारदर्शक चेनची पिशवी कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळते.

५ ते १० किलोच्या पिशवीत मी काय ठेवते ते सांगते, बाकीच्या तुम्ही आणि तुमचे बालरोगतज्ज्ञ मिळून याच बेताने भरा. कफवाल्या (टोकाशी फुगा असलेल्या) ट्यूब ३ आणि साडेतीन, बिनकफच्या साडेतीन आणि ४, प्रत्येकी एक. त्यांत जाणारी ताठ तार, म्हणजे स्टायलेट. लॅरिंगोस्कोपचं सरळ पात्याचं, म्हणजे मिलरचं, १ नंबर ब्लेड. मास्क १ आणि २ नंबर. सक्शन कॅथेटर (कफ ओढून काढायची नळी) ६ आणि ८. गुडेल एअरवे (जीभ मागे पडू न देणारी नळी) दोन साइझ. कॅन्युला पिवळी २४ आणि निळी २२, दोन-दोन. ८ नंबरची फीडिंग ट्यूब. १ मिलीच्या सिरिंज चार. लहान मुलाचे नेझल प्रॉन्ग्ज (नाकातून ऑक्सिजन द्यायची नळी). ट्यूब बांधायची पट्टी आधीच कापून ठेवलेली. इतकंच. फार काही नाही, पण हात घातला की जे येईल ते त्या बाळाला बसणारच.

एका वर्षाच्या पुढच्या मुलांना ट्यूबचं सूत्र तुम्हाला पाठ असेलच: वय भागिले चार, अधिक साडेतीन, हे कफवाल्याला, बिनकफच्याला अधिक चार. चार वर्षांच्याला कफवाली साडेचार. तिच्या एक अर्धा नंबर खाली आणि एक वर, अशा तीन हाताशी हव्यात. ओठापाशी किती सेंटिमीटरवर बांधायची तर ट्यूबच्या नंबराच्या तिप्पट, म्हणजे साडेतेरा. आतून सक्शन करायचा कॅथेटर साधारण दुप्पट नंबराचा; साडेचारच्या ट्यूबला ८. हे पिशवीच्या आत कागदावर लिहून लॅमिनेट करून टाका. वेळेला पाठांतर आठवत नाही, मला २६ वर्षांनीही नाही.

ब्रोस्लो टेपबद्दल हमखास विचारतात. बाळाच्या शेजारी अंथरायची, टाच ज्या रंगावर येईल त्यावरून वजन आणि साइझ. चांगली वस्तू आहे, पण ती परदेशातल्या मुलांच्या मापावर बेतलेली. आपल्या मुलांचं वजन ती जास्त दाखवते, विशेषतः १० किलोच्या पुढे, आणि सुकलेल्या पोरांत तर आणखीच. ट्यूब आणि मास्कची साइझ मात्र मुलाच्या लांबीवरच जाते, तिथे टेप सहसा फसवत नाही. म्हणून माझा नियम: साइझ टेपवरून, डोस काट्यावरून. मूल काट्यावर ठेवायच्या अवस्थेत नसेल तर टेपचं वजन घ्या आणि मूल हडकलेलं दिसत असेल तर तसं मोठ्याने डॉक्टरांना सांगा.

पिशव्यांचा आणखी एक फायदा मला ऑगस्ट २०१९ मध्ये कळला. कृष्णेचं पाणी शहरात शिरलं, लाइट गेली, लिफ्ट बंद, आणि खालच्या मजल्यावरचं सगळं जिन्याने वर न्यायचं. ट्रॉली जिना चढत नाही. आम्ही दोघी सिस्टर आणि एक ब्रदर मिळून पिशव्या आणि औषधांचा डबा दोन फेऱ्यांत वर नेला. फ्रिजमधली औषधं थर्मासच्या डब्यात. तेव्हापासून पायाने चालवायचं सक्शन मी प्रत्येक ठिकाणी आग्रहाने घ्यायला लावते.

औषधांकडे या. इथे मी कंजूष आहे. ट्रॉलीत औषधं जितकी कमी, तितकी चूक कमी. अ‍ॅड्रेनॅलिन, अ‍ॅट्रोपिन, मिडाझोलॅम, १० टक्के डेक्स्ट्रोज, सलाइन, हायड्रोकॉर्टिसोन, कॅल्शियम ग्लुकोनेट, सोडाबायकार्ब, सॅल्ब्युटामॉलचे रेस्प्यूल. यापुढचं तुमचे बालरोगतज्ज्ञ सांगतील. पोटॅशियम क्लोराइडचं एकही अँप्युल ट्रॉलीत नको. ते डिस्टिल्ड वॉटरसारखं दिसतं आणि चुकून शिरेत गेलं तर परत फिरता येत नाही. मिडाझोलॅम मिलीला १ मिलिग्रॅम आणि मिलीला ५ मिलिग्रॅम अशा दोन्ही ताकदींत येतं. दोन्ही एका ट्रॉलीत ठेवलीत तर कधीतरी कुणीतरी पाचपट देणार. एकच ठेवा आणि इंडेंटवर, म्हणजे मागणीच्या चिठ्ठीवर, ताकद लिहा. नाहीतर मेडिकलवाला जे असेल ते पाठवतो.

अ‍ॅड्रेनॅलिनचं जरा सविस्तर. अँप्युल १ मिलीचं, त्यात १ मिलिग्रॅम. हृदय थांबलेल्या मुलाला ते दहापट पातळ करून द्यायचं: १ मिलीत ९ मिली सलाइन, आणि त्यातून किलोला ०.१ मिली शिरेतून. १० किलोच्या बाळाला १ मिली. पण रिअ‍ॅक्शन आलेल्या त्याच बाळाला मांडीत टोचायचं ते पातळ न केलेलं, किलोला ०.०१ मिली, म्हणजे सगळं मिळून ०.१ मिली. एवढंसं मोजायला १ मिलीची सिरिंज हवी, आणि नेमकी तीच ट्रॉलीत नसते. मग कुणीतरी इन्सुलिनची सिरिंज उचलतं. तिच्यावर युनिटच्या खुणा, त्यातही ४० ची वेगळी आणि १०० ची वेगळी. गोंधळाला आमंत्रण. इन्सुलिनची सिरिंज ट्रॉलीच्या आसपासही ठेवू नका. वर सांगितलेले दोन्ही हिशोब ५, १०, १५, २० किलोसाठी मिलीत काढून, डॉक्टरांची सही घेऊन, झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा.

साखर कमी झालेल्या मुलाला ५० टक्के डेक्स्ट्रोज नको. १० टक्क्याची बाटली नसेल तर २५ टक्क्याचं २० मिली आणि डिस्टिल्ड वॉटर ३० मिली, झालं ५० मिली दहा टक्के. मोठ्या मुलाला किलोला ५ मिली, नवजाताला २. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांचंही इथेच सांगते: डबी उघडली त्या दिवशी तिच्यावर तारीख टाका. डबीवरची छापील एक्सपायरी बंद डबीची असते. उघडल्यावर किती दिवस चालते ते लेबलवर वेगळं लिहिलेलं असतं, आणि पावसाळ्यात झाकण सैल राहिलं तर तेवढेही दिवस धरू नका.

सक्सिनिलकोलिन आणि लोराझेपाम फ्रिजमध्ये राहतात, म्हणून ती ट्रॉलीवरच्या तपासणीतून सुटतात. फ्रिजमध्ये त्यांचा वेगळा लाल डबा करा आणि ट्रॉलीवर चिठ्ठी लावा, "दोन औषधं फ्रिजमध्ये, लाल डब्यात."

आपल्या जिल्ह्याचं म्हणून थोडं वेगळं ठेवावं लागतं, आणि ते मोसमाप्रमाणे बघावं लागतं. पावसाळ्यात साप आणि डेंग्यू. सर्पदंशाच्या लसीचा डोस लहान मुलाला मोठ्या माणसाइतकाच, कारण सापाने विष वजन बघून सोडलेलं नसतं. "पोर लहान आहे, निम्म्या व्हायल पुरतील" असा हिशोब स्टोअरने करू नये. ऑक्टोबर छाटणी झाली की द्राक्षबागांत फवारण्या सुरू होतात, आणि बाटलीतलं औषध प्यालेलं पोर कधीही दारात येऊ शकतं. तेव्हा अ‍ॅट्रोपिन ट्रॉलीतल्या पाच अँप्युलवर भागत नाही, ०.६ मिलिग्रॅमची अँप्युल डझनावारी फुटतात. तो साठा कॅज्युअल्टीच्या कपाटात वेगळा ठेवा. उन्हाळ्यात विहिरी आणि विंचू. लाल विंचवाला प्राझोसिन किती उपयोगी हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी दाखवून दिलं. मुलांना किलोला ३० मायक्रोग्रॅम. त्यासाठी साधी १ मिलिग्रॅमची गोळी लागते. बीपीच्या रुग्णांसाठी मिळते ती सावकाश विरघळणारी असते, ती तोडून किंवा कुटून चालत नाही. स्टोअरला हा फरक लिहून द्या. आणि शेंगदाणे: सुगीत घशात शेंगदाणा अडकलेलं पोर येतंच. तो काढायचा चिमटा, लहान मॅगिल फोर्सेप्स, ट्रॉलीत हवाच. दाणा आणखी खाली उतरला असेल तर तुमच्याकडे काही करण्यासारखं नसतं. ऑक्सिजन लावून मिरजेला किंवा कराडला धाडायचं. तिथल्या फोन नंबरांचा कागदही ट्रॉलीवरच चिकटवा.

डिफिब्रिलेटरबद्दल, म्हणजे हृदयाला शॉक द्यायच्या मशीनबद्दल. एका हॉस्पिटलने लहान मुलांच्या पॅडलची ऑर्डर द्यायची ठरवली होती. मी म्हटलं, मशीन दाखवा. मोठं पॅडल हातात घेतलं, कडेची खिट्टी दाबून वरची प्लेट सरकवली, आणि खाली लहान पॅडल! मशीन आल्यापासून ते तिथेच होतं. बऱ्याच मॅन्युअल मशीनमध्ये हे असतं. तुमचं बघा, ऑर्डर वाचेल कदाचित. पहिला शॉक किलोला २ जूल, दुसरा ४. हेही त्याच लॅमिनेट केलेल्या कागदावर.

आता तपासणी. महिनाभराच्या रजिस्टरवर एकाच पेनाने, एकाच तिरक्या वळणाने ३१ खुणा केलेल्या मी इतक्यांदा पाहिल्यात की त्या करणाऱ्या मुलींवर रागवायचंही सोडून दिलं. खूण मागितली की खूण मिळते. आकडा मागा. रोज सकाळी चार गोष्टी लिहायच्या: सीलचा नंबर, सिलिंडरचं प्रेशर, डिफिब्रिलेटरच्या टेस्टचा निकाल, आणि ट्रॉलीत सगळ्यात आधी संपणाऱ्या वस्तूचं नाव-तारीख. तीन मिनिटांचं काम. प्रेशरचा आकडा सलग पंधरा दिवस तोच आला तर एकतर काटा अडकलाय किंवा सिस्टर, आणि दोन्ही तपासायला हवेत.

सील म्हणजे नंबर असलेली प्लॅस्टिकची पट्टी, एकदा तोडली की परत लागत नाही. ट्रॉली रिकामी होते ती इमर्जन्सीत होत नाही, उसनवारीत होते. "जरा एक २४ ची कॅन्युला घेते गं, नंतर ठेवते." सील आलं की हे थांबतं, कारण पट्टी तोडल्यावर नाव लिहावं लागतं. पिशव्यांनाही वेगळं सील लावा. मग एका बाळासाठी एकच पिशवी उघडते आणि तेवढीच पुन्हा भरावी लागते.

महिन्यातून एकदा मात्र सगळं उघडून हाताने बघायचं, नुसतं डोळ्यांनी नाही. लॅरिंगोस्कोपला प्रत्येक ब्लेड लावून पेटवायचं. बल्ब सैल असतो, पिळला की पेटतो. मी एका ठिकाणी हँडल उघडलं तर सेल फुगलेले आणि स्प्रिंगवर हिरवी-पांढरी भुकटी. सेल हँडलच्या बाहेर, त्याच पिशवीत ठेवा, नाहीतर ठरलेल्या तारखेला बदला. अँब्यू बॅगचं तोंड तळहातावर घट्ट दाबून पिळा. बॅग कडक व्हायला हवी आणि लहान बॅगच्या व्हॉल्व्हमधून जास्तीची हवा फुस्स करून सुटायला हवी. धुऊन परत जोडताना आतली रबरी चकती उलटी बसते किंवा सिंकमध्येच राहते. बाहेरून बॅग अगदी नवीकोरी दिसते, पण छाती वर येत नाही. म्हणून धुणाऱ्या मावशींनाच ती जोडून, दाबून दाखवायला शिकवा. आमच्याकडच्या एक मावशी नव्या डॉक्टरांपेक्षा लवकर सांगायच्या, "सर, ह्यात वारं धरत न्हाई."

आता मॅनेजमेंटचं. त्यांचं म्हणणं चूक नाही. फेकणं लाजिरवाणंच आहे. पण फेकावं लागतं ते उशिरा बघितल्यामुळे. एक्सपायरीला तीन महिने राहिले की वस्तू ट्रॉलीतून काढा आणि जिथे रोज वापर आहे तिथे पाठवा. अ‍ॅड्रेनॅलिन, अ‍ॅट्रोपिन, पाच-साडेपाचच्या ट्यूब ऑपरेशन थिएटरमध्ये आठवड्यात संपतात. थिएटरमधून ताज्या तारखेच्या ट्रॉलीत घ्या. हा बदल मेडिकल स्टोअरच्या फार्मासिस्टच्या वहीतून झाला पाहिजे, दोन सिस्टरांच्या तोंडी करारातून नाही. अडीच-तीन नंबरच्या ट्यूब, नवजाताचे मास्क यांना तुमच्याकडे रोजचा वापर नाही. त्यांची पेटी घेऊ नका, सुट्या दोन-दोन घ्या, आणि जवळच्या एनआयसीयू (नवजातांचा आयसीयू) असलेल्या हॉस्पिटलशी अदलाबदल ठरवा. त्यांच्याकडे त्या महिन्यात संपतात. फक्त महिना-वर्ष छापलं असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत वस्तू चालते. १ तारखेलाच फेकणारेही मी पाहिलेत. आणि प्लॅस्टिकच्या वस्तूंवरही तारीख असते. तुमच्या अकरापैकी निम्म्या तरी औषधं नसून ट्यूब आणि कॅथेटर असतील, असा माझा अंदाज.

हे सगळं कोण करणार? "ड्यूटीवरची सिस्टर" असं लिहू नका, म्हणजे कुणीच नाही. एकीचं नाव, आणि तिच्या रजेला दुसरीचं. मॅनेजमेंटला सांगा, महिन्यातले दोन तास तिला वॉर्डातून मोकळं सोडा. पैशापेक्षा हे दोन तास मिळवणंच अवघड जातं, तिथे जोर लावा.

आत्ता निघालेल्या अकरांपैकी औषधं पिवळ्या पिशवीत, किंवा स्टॉकिस्ट परत घेत असेल तर स्टोअरमार्फत परत. ट्यूब, मास्क, कॅथेटर मात्र फेकू नका. प्रत्येकावर लाल मार्करने ठळक फुली मारून वेगळ्या डब्यात, वॉर्डाबाहेर ठेवा, सरावाला. दर पंधरा दिवसांनी ड्यूटी बदलताना पाच मिनिटं: बाहुली टेबलावर, "८ किलोचं बाळ, श्वास नाही", आणि घड्याळ लावायचं. पहिल्या सरावाला मामांनाही बोलवा. पाना कुठे आहे ते त्यांनाच विचारा.